रजा कोण देतो? वरसईच्या गोडसे भटजींचा प्रवास आणि आपला हिशेब



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालू होती, तेव्हा मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. अलिबाग तालुक्यात नळजोडणीचं आणि पंप दुरुस्तीचं काम करतात, पत्नी घरी शिवणकाम करतात, दोन मुलं शाळेत आहेत. त्यांच्या मनात आलंय की मुलं लहान आहेत तोवर सहा-आठ महिने सगळ्यांनी मिळून देश पाहायचा. त्यांचा प्रश्न असा होता : "सर, नोकरी असती तर बिनपगारी रजा टाकली असती. साहेबानं दिली असती किंवा नाकारली असती. आता मीच माझा साहेब. मग रजा मागायची कोणाकडे?"

सभागृहात हशा झाला. आम्हीही हसलो आणि "पुढच्या वेळी बोलू" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी जाताना लक्षात आलं की हा हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नाही. आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, स्वातंत्र्य या विषयावर प्रबंध लिहिला, आणि हा साधा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. का पडला नव्हता, ते शेवटी सांगू. आज याचं उत्तर तत्त्वज्ञानातून न शोधता इतिहासातून शोधायचं आहे, आणि तेही शक्यतो आपल्या या रायगडच्या किनाऱ्यावरच्या इतिहासातून.

सुरुवात शब्दांपासून करू. काम थांबवण्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत, सुटी आणि रजा. आपण ते एकाच अर्थानं वापरतो, पण ते एक नाहीत. सुटी ही सुटण्यातून आली. दावं सुटलं की वासराला जे वाटतं ते. रजा हा शब्द अरबी-फारसीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे संमती, मान्यता. म्हणजे रजेत दुसरा माणूस गृहीतच आहे. सुटी एकट्याची असू शकते, रजा एकट्याची नसते. आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत बघा. त्यांना वाटतं की आपल्याला सुटी हवी आहे आणि ती द्यायला कोणी नाही. आमचं म्हणणं असं की त्यांना रजाच हवी आहे, आणि ती देणारे पुष्कळ आहेत. फक्त ते एका खुर्चीवर बसलेले नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

आजकाल यासाठी इंग्रजीतला 'सबॅटिकल' हा शब्द चालतो. विद्यापीठांत तो रुळला. अमेरिकेतल्या हार्वर्डनं १८८० मध्ये प्राध्यापकांना दर सातव्या वर्षी अशी रजा द्यायला सुरुवात केली. पण शब्द त्याहून फार जुना आहे. तो ज्यूंच्या शब्बाथमधून आला, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीतून. त्यांच्या धर्मग्रंथात सातवं वर्षही सांगितलंय. त्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि कर्जदारांची कर्जं सोडून द्यायची. हे दोन नियम जोडीनं येतात, हे ध्यानात ठेवा. कारण कर्ज डोक्यावर असेल तर विश्रांती ही नुसती बोलायची गोष्ट आहे, हे त्या ग्रंथकर्त्यांना नीट ठाऊक होतं.

हा शब्द परदेशी वाटतो, पण त्यामागचा आचार आपल्या किनाऱ्याला शेकडो वर्षं ओळखीचा आहे. अलिबागजवळचं नवगाव, पेण, रोहा, रेवदंडा, किहीम या भागात राहिलेले बेने इस्रायल आपल्याला माहीत आहेत. नवगावकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावंच सांगतात की ही माणसं इथली. अलिबागेत इस्रायल आळी आजही त्या नावानं ओळखली जाते. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तर ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

यात आम्हाला काय महत्त्वाचं वाटतं? घाणा हा स्वतःचा धंदा. बैल आपला, लाट आपली, गिऱ्हाईक आपलं. शनिवारी बंद ठेवला तर एक दिवसाची कमाई बुडते. साहेब नाही, पगार नाही. तरी ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. ते टिकण्याची दोन कारणं आम्हाला दिसतात. एक तर तो एकट्याचा निश्चय नव्हता, सगळ्या ज्ञातीचा होता. अमका तेली शनिवारी बंद आणि त्याचा भाऊबंद उघडा, असं होत नसे. आणि दुसरं, गावाला ते माहीत होतं. इतकं माहीत होतं की गावानं त्यांचं नावच त्यावरून ठेवलं. गिऱ्हाईक शुक्रवारी तेल घेऊन जाई. गावानं दिलेलं नाव हीच गावाची रजा होती.

दुसरं उदाहरण तर आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. आपले कोळी बांधव. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग पुन्हा बाहेर पडायचं, ही जुनी रीत. आज सरकारनं पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरवून दिली आहे. त्या दिवसांत कोळीवाड्यात कोणी रिकामं बसलेलं नसतं. जाळी विणणं, होडीची डागडुजी, सुक्या मासळीची विक्री, सगळं चालू असतं. पण समुद्रावर जाणं बंद, आणि सगळ्यांचं बंद. एकानं चोरून होडी काढली की बाकीच्यांना राग येतो. त्या रागामागे हिशेब आहे. सगळे थांबले तर कोणाचंच नुकसान नाही. एकटा थांबला तर त्याचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जातं.

म्हणजे स्वतःचा धंदा असलेल्या माणसाच्या थांबण्याची एक जुनी, पक्की पद्धत होती, सगळ्यांनी मिळून थांबणं. पण आपल्या गृहस्थांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांना एकट्यानं, एका कुटुंबानं थांबायचंय, आणि एक दिवस किंवा दोन महिने नव्हे, त्याहून जास्त. अशा माणसाचं काय? त्यासाठी आता पेण तालुक्यातल्या वरसईला जाऊ.

वरसईचे विष्णुभट गोडसे. 'माझा प्रवास' हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १८५७ च्या धामधुमीचा डोळ्यांनी पाहिलेला मराठीतला वृत्तान्त म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि ते बरोबरच आहे. पण आज आपण ते वेगळ्या बाजूनं वाचू. झाशीची राणी, वेढा, लढाया या गोष्टी क्षणभर बाजूला ठेवा. उरतं काय? एक तिशीच्या उंबरठ्यावरचा भिक्षुक. घरात आईवडील, भावंडं, पत्नी. डोक्यावर कर्ज. आणि स्वतःचा धंदा.

भिक्षुकीला धंदा म्हटलेलं काहींना रुचणार नाही. पण व्यवहार बघा. पगार नाही. काम केलं तर दक्षिणा. यजमान ठरलेले. कोणाकडे श्राद्ध, कोणाकडे मुंज, कोणाकडे सत्यनारायण. भिक्षुक नसला म्हणून यजमान श्राद्धाची तिथी पुढे ढकलत नाही. तो दुसऱ्याला बोलावतो, आणि दुसरा एकदा आला की पुन्हा येतो. पंप दुरुस्तीवाल्याचं दुखणं आणि भिक्षुकाचं दुखणं यात आम्हाला फरक दिसत नाही.

तर या विष्णुभटांच्या कानावर बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, लाखो रुपये खर्च होणार आहेत आणि विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार आहे. त्यांनी ठरवलं की जायचं. यज्ञाला जायचं, कर्ज फेडण्यापुरतं मिळवायचं आणि जमलं तर काशीही करून यायचं. कमाई आणि यात्रा एकाच प्रवासात. हेही आजच्यासारखंच आहे.

आणि मग त्यांनी काय केलं? रजा मागितली. साहेब नव्हता, तरी मागितली. आईवडिलांकडे मागितली, आणि ती लगेच मिळाली नाही. उत्तरेचा मुलूख लांबचा, तिथे भांग पिण्याची चाल, तिथल्या बायका माणसाला भुलवतात, अशा शंका वडीलधाऱ्यांनी काढल्या. आज आपल्याला हसू येतं. पण त्या शंकांच्या पोटात खरी भीती एकच होती. हा मुलगा परत आला नाही तर या घराचं आणि या कर्जाचं काय? शेवटी अनुभवी रामभटकाका बरोबर निघाले, तेव्हा संमती मिळाली. काका-पुतणे १८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर निघाले.

इथे जरा थांबू. हे दोघं निघू शकले ते कशाच्या जोरावर? आमच्या मते तीन गोष्टींच्या.

पहिली, मागे घर होतं. नुसती भिंतींची वास्तू नव्हे, माणसं. एकत्र कुटुंबात भिक्षुकीची वृत्ती ही एका माणसाची नसून घराची असे. एक गेला तर दुसरा यजमानाच्या दारी उभा राहतो. आणि घरातली बायकामाणसं स्वयंपाक, गुरं, परसू, म्हाताऱ्यांची सेवा हे सगळं ओढतात. पुस्तकात काका-पुतण्याच्या वाटचालीचा बारीक तपशील आहे. त्या मानानं मागे राहिलेल्या घराबद्दल आपल्याला फार थोडं कळतं. विष्णुभटांच्या पत्नीनं 'माझं थांबणं' असं पुस्तक लिहिलेलं नाही. पण तिच्या थांबण्यावर 'माझा प्रवास' उभा आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यानं विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट, विद्या बरोबर नेता येत होती. घाणा उचलून नेता येत नाही, होडी घाटावर चढत नाही. पण मुखोद्गत असलेले मंत्र कुठेही नेता येतात आणि कुठेही वटवता येतात.

तिसरी गोष्ट, वाटेवर ओळखीचं जग होतं. आपण नकाशा बघतो आणि म्हणतो, केवढं धाडस! धाडस होतंच. पण इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, बिठूर, काशी ही त्या वेळी मराठी माणसांची ठाणी होती. बिठूरला दुसऱ्या बाजीरावांचा परिवार होता, आणि त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब जन्मानं आपल्या कर्जतजवळच्या वेणगावचे. झाशीचं नेवाळकर घराणं मूळचं कोकणातलं. कोकणातला भिक्षुक अशा ठिकाणी गेला की कोणी ना कोणी ओळखीचं निघे आणि पानावर जागा मिळे. अनोळखी मुलखात ओळखीच्या माणसांची साखळी असणं हे त्या काळचं प्रवासाचं भांडवल.

आता पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पुणे, नगर, धुळे, सातपुडा ओलांडून ते महूपाशी पोचतात तोवर बंडाच्या बातम्या येऊन धडकतात. यज्ञाचा बेत त्यांच्यापुरता बाजूलाच राहतो. धार, उज्जैन, ग्वाल्हेर करत ते झाशीला पोचतात. तिथे आश्रय मिळतो, दक्षिणाही मिळते. आणि १८५८ च्या मार्चअखेर ह्यू रोजचा वेढा पडतो. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडल्यावर जी कत्तल आणि लूट झाली, तिच्यात हे दोघं लपून राहिले. मिळवलेलं द्रव्य लुटीत गेलं. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणीची आणि त्यांची गाठ पडते. ती तहानलेली, थकलेली असते, आणि विद्वान ब्राह्मणाला पाणी शेंदायला न लावता स्वतः शेंदते. हा प्रसंग मराठी वाचक विसरत नाही. मग चित्रकूट, अयोध्या, काशी अशी तीर्थं होतात.

सुमारे अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट वरसईला परत आले तेव्हा कर्ज फेडायला म्हणून जे आणायचं होतं, ते जवळजवळ काहीच हाती नव्हतं. खांद्यावर कावड होती, तिच्यात गंगेचं पाणी होतं. त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.

आता हा प्रवास फायद्याचा की तोट्याचा? वहीत मांडला तर धडधडीत तोट्याचा. पण ज्यांच्याकडून रजा घेतली होती, त्यांना परत येऊन काय दिलं, असं विचारलं तर हिशेब बदलतो. आईवडील काशीला जाऊ शकणार नव्हते. मुलानं काशी त्यांच्यापर्यंत आणली. कावड ही आम्हाला निव्वळ धार्मिक वस्तू वाटत नाही. जो गेला त्यानं थांबलेल्यांचा वाटा परत आणून द्यायचा, असा तो करार आहे.

आणखी एक वाटा राहिला होता, तो आपला. प्रवासाला पंचवीस एक वर्षं होत आल्यावर, १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी हा सगळा वृत्तान्त लिहून काढला. तेच भारताचार्य चिं. वि. वैद्य. सरकारी रोषाची धास्ती असल्यामुळे ते लिखाण लगेच छापलं गेलं नाही. वैद्यांनी ते भाषेवर हात फिरवून १९०७ मध्ये छापलं, तोवर विष्णुभट हयात नव्हते. मूळ हस्तलिखित १९२२ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलं आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये ते मुळाबरहुकूम प्रसिद्ध केलं. कर्ज फेडायला निघालेल्या भिक्षुकानं आपल्या सगळ्यांना कायमचं ऋणी करून ठेवलं.

आणि सोबत हेही लक्षात घ्या. १८५६ मध्येच रेल्वे खोपोलीपर्यंत आली होती, म्हणजे पेणपासून काही फार लांब नाही. १८७० पर्यंत मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. विष्णुभट पायी गेले ते जग त्यांच्या डोळ्यांदेखत संपत होतं. १८८३ मध्ये ते लिहायला बसले तेव्हा काशी काही दिवसांवर आली होती. प्रवास स्वस्त झाला, वेगवान झाला. पण मागे कोण थांबणार, हा प्रश्न रेल्वेनं सोडवला नाही. विमानानंही सोडवलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे काका-पुतणे गेले. आमच्या गृहस्थांना बायको-मुलांसकट जायचंय. सगळं घरच निघालं तर? त्याचंही उदाहरण आहे. ते रायगडचं नाही, त्यासाठी थोडं दक्षिणेला जावं लागेल. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, लोकांचा विरोध पत्करला आणि सह्याद्रीत गंगामूळला जाऊन आश्रम मांडला. तिथेच १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. म्हणजे विष्णुभट झाशीहून जीव वाचवत निघाले, त्याच वर्षी. विद्यार्थी आणि अतिथी यांच्या खर्चानं शास्त्रीबुवांना कर्ज झालं, जमीनजुमला गेला आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. लहानग्या रमेला वेताच्या टोपलीत घालून नेलं, असं सांगतात. पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर राहायचं, मग पुढचं तीर्थ. वर्षानुवर्षं.

या कुटुंबानं जे केलं ते आजच्या भाषेत स्वप्नवत वाटेल. धंदा बरोबर, मुलं बरोबर, शाळाही बरोबर. लक्ष्मीबाई वाटचालीतच मुलीला शिकवत. रमाबाईंना हजारो श्लोक पाठ झाले ते या शाळेत. १८७८ मध्ये त्या भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. कुठल्याही इमारतीतल्या शाळेनं त्या काळी मुलीला हे दिलं नसतं.

पण दुसरी बाजू भयंकर आहे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही, तर पुराण ऐकून दक्षिणा कोण देणार? मिळालेलं बरंचसं दानधर्मात गेलेलं. दुसरं काम येत नाही, आणि मजुरी करायला अभिमान आड येतो. परत जायला घर नाही, मागे भाऊबंद नाहीत. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीणही. त्या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे, ते जरूर वाचा.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं. विष्णुभटांच्या मागे घर होतं, म्हणून सगळं लुटलं गेल्यावरही त्यांना परत यायला जागा होती. डोंगऱ्यांनी घर बरोबर घेतलं, म्हणून मुलीला अपूर्व शिक्षण मिळालं आणि संकटात पाठीशी काही उरलं नाही. मुलांना सगळ्यात जास्त देणारा प्रवास तो, ज्यात सगळे जातात. आणि सगळ्यात धोक्याचाही तोच. हा पेच आहे. तो हुशारीनं सुटत नाही, त्याची तयारी करावी लागते.

आता सुरुवातीला राहिलेलं सांगतो. हा प्रश्न आम्हाला कधी का पडला नाही?

आमच्या वडिलांचं रेवदंड्याला घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे फळ्यांचा दरवाजा, एक टेबल, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी लोकांची घड्याळं. त्यांना काशीला जायचं होतं. दर वर्षी दिवाळीनंतर बोलणं निघे आणि दर वर्षी राहून जाई. एकदा आत्याच्या मुलीच्या लग्नासाठी नऊ दिवस फळ्या लावल्या, तर परत आल्यावर दोन जुनी गिऱ्हाईकं दुसरीकडे गेलेली. त्यानंतर त्यांनी सलग चार दिवसही दुकान बंद ठेवल्याचं आम्हाला आठवत नाही.

त्याच वेळी आम्ही काय करत होतो? आम्हाला प्रबंधासाठी दोन वर्षांची अभ्यासरजा मिळाली होती. भरपगारी. विषय होता स्वातंत्र्याची संकल्पना. सुटीत घरी गेलो की दुकानात त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून कान्ट वाचायचो. एकदा 'माझा प्रवास' घेऊन गेलो होतो. त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि चार-पाच दिवसांत दुपारच्या वेळी ते वाचून संपवलं. पुस्तक परत देताना म्हणाले, "भटजी गेले तेव्हा त्यांच्या मागे घर उघडं होतं. मी गेलो तर माझ्या मागे दुकान बंद असेल."

बस्स, एवढंच. आणि पुन्हा भिंग लावलं. आम्ही तेव्हा त्या वाक्याचं कौतुक केलं, वहीत टिपूनही ठेवलं. पण दोन आठवडे त्या स्टुलावर आम्ही बसतो, तुम्ही आईला घेऊन जाऊन या, असं म्हणावं हे आम्हाला सुचलं नाही. घड्याळं दुरुस्त करता आली नसती. पण फळ्या उघडता आल्या असत्या, आलेलं घड्याळ चिठ्ठी लावून ठेवता आलं असतं, गिऱ्हाइकाला "येतील पंधरा दिवसांनी" असं सांगता आलं असतं. आमच्याकडे दोन वर्षांची रजा होती, त्यातले पंधरा दिवस त्यांच्या नावावर करता आले असते. वडील काशी न पाहता गेले. प्रबंध ग्रंथालयात आहे.

तेव्हा त्या गृहस्थांना, ते आज समोर बसले आहेत, आमचं उत्तर असं. तुमची रजा तीन ठिकाणी मागायची आहे. पहिली गिऱ्हाइकांकडे. शनवार तेल्यासारखी, आधीपासून, उघडपणे, सगळ्यांना ठाऊक होईल अशी. गुपचूप गेलात तर ती पळून जाणं ठरेल, सांगून गेलात तर लोक वाट पाहतील. दुसरी तुमच्याच धंद्यातल्या माणसाकडे. एकत्र कुटुंब आता उरलं नाही, पण तालुक्यात तुमच्यासारखे आणखी दोघं-तिघं असतील. आज त्यातल्या एकाची कामं तुम्ही सांभाळा, उद्या तो तुमची सांभाळेल. कोळीवाड्यातल्या शहाणपणाचा एवढा भाग आपल्याला उचलता येतो. यात तुमच्या पत्नीच्या शिवणकामाची गिऱ्हाइकंही धरा, तो धंदा दुय्यम समजू नका. आणि तिसरी सावकाराकडे, म्हणजे आता बँकेकडे. कर्जाचा हप्ता प्रवासात मागे मागे येतो. तो आधी मिटवा किंवा तेवढे पैसे बाजूला काढून मग निघा. डोंगऱ्यांची गोष्ट त्यासाठी सांगितली.

घरात म्हातारं माणूस मागे राहणार असेल, तर त्यांचीही रजा घ्या, आणि परत येताना त्यांच्यासाठी काय आणायचं ते त्यांनाच विचारा. गंगेचं पाणी आता टपालानंही मिळतं, पण टपालानं आलेलं पाणी म्हणजे कावड नव्हे.

आणि श्रोत्यांपैकी ज्यांना पगार आणि पेन्शन आहे, ज्यांची रजा अर्जावर सही होऊन येते किंवा आली, त्यांनाही एक विनंती. तुमच्या ओळखीत एखादं फळ्यांचं दुकान असेल, तर पंधरा दिवस त्या स्टुलावर बसायची तयारी दाखवा. आम्हाला ते सुचायला फार उशीर झाला.

वेळ संपत आली आहे. माईक आता खाली देतो. प्रश्न विचारताना कृपया उभं राहून विचारा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येईल.